अनुमोदकाचं नाव

फोन वाजला तेव्हा देवानंद मेश्राम गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभा होता. पावणेसात वाजले होते. फ्रीमाँटहून सातच्या आत निघालं नाही तर सनीव्हेलला पोचायला अर्धा तास जास्त लागतो, म्हणून या वेळी तो फोन घेत नसे. सुजातानं घेतला, ऐकलं आणि रिसीव्हरवर तळवा ठेवून म्हणाली, "डॉरीन."

"ऑस्ट्रेलियाहून?"

"बर्कलीहून. आलीय ती."

देवानंदनं किल्ली खिशात टाकली. जानेवारीत आलेलं डॉरीनचं पत्र त्याच्या टेबलाच्या वरच्याच खणात होतं. त्याचं उत्तर त्यानं चार वेळा लिहायला घेतलं होतं आणि चारही वेळा पहिल्या परिच्छेदात हवापाण्याच्या पुढे गेला नव्हता. आता एप्रिल उजाडला होता, १९८५चा.

"मिस्टर मेश्राम, माझं पत्र मिळालं होतं का?"

"मिळालं."

"बरं झालं. मला वाटलं पोस्टात हरवलं."

आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्याला जरा सोपं गेलं असतं.

"मी सोमवारी परत जातेय," ती म्हणाली. "प्रबंधाचे कागद इथं पडून होते, ते न्यायला आले. मला तुमच्या मंडळाचं एक पत्र हवंय. ज्या कागदावर माझं नाव घातलंत, त्याच छापील कागदावर लिहून द्या की मला विचारलं नव्हतं. एवढंच. मेच्या अखेरीस आमच्याकडची मोठी माणसं आमच्या जमिनीचं काम बघणाऱ्या जमीन परिषदेवर कुणाला पाठवायचं ते ठरवतात. त्याआधी ते पत्र त्यांच्यासमोर ठेवायचंय."

"रविवारी चौदा एप्रिल आहे. जयंती. तुम्ही या, सभेत रीतसर ठराव करूनच देतो."

"ठराव," डॉरीन म्हणाली. "या वेळी इंग्रजीत वाचाल ना?"

त्या दिवशी देवानंद कामावर चाळीस मिनिटं उशिरा पोचला. तो एका कारखान्याच्या मोजमाप विभागात होता. इतरांची उपकरणं बरोबर मोजतात की नाही, हे तपासणं त्याचं काम. एक हजारांश इंच इकडेतिकडे झालेलं त्याला खपत नसे, आणि हीच ख्याती त्याची मंडळातही होती. आंबेडकर विचार मंडळ म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवती पसरलेली बावीस घरं. नागपूरची, मुंबईची, औरंगाबादची. देवानंद नऊ वर्षं मंडळाचा सचिव होता आणि नऊ वर्षांत त्याच्या इतिवृत्ताच्या वहीत कुणालाही खाडाखोड सापडली नव्हती. चूक सापडली ती तिसऱ्याच टोकाला, सात हजार मैलांवर.

घडलं होतं असं.

१९८३च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात नवा पंतप्रधान निवडून आला. कामगार चळवळीतून वर आलेला, साध्या माणसांच्या भाषेत बोलणारा, भांडणाऱ्यांना एका टेबलाशी बसवण्यात हातखंडा असलेला. त्याच्या पक्षानं आदिवासींना वचन दिलं होतं, की त्यांच्या जमिनीवरचा त्यांचा हक्क देशभर कायद्यानं मान्य करू. देवानंदचे वडील नागपूरच्या कापड गिरणीत युनियनचे पुढारी होते. त्याला हा माणूस घरातल्यासारखाच वाटला. फ्रीमाँटच्या लायब्ररीत ऑस्ट्रेलियाचं एक वर्तमानपत्र पंधरा दिवस उशिरा येई. ते तो उभ्या उभ्या वाचायचा आणि मंडळात येऊन सांगायचा.

त्याच सुमारास बर्कलीत एका व्याख्यानाला त्याला डॉरीन भेटली. ती स्वतः ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी समाजातली, पस्तिशीची, शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट करायला आलेली. देवानंदनं तिला जयंतीला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. ती दहाच मिनिटं बोलली. तिच्या गावच्या पोहण्याच्या तलावात तिच्या लहानपणी तिच्या लोकांना उतरू देत नसत. उन्हाळ्यात ती पोरं कुंपणाच्या जाळीला नाक लावून आतलं पाणी बघत बसायची, असं तिनं सांगितलं. पाण्याची गोष्ट सभागृहातल्या लोकांना समजावून सांगायची गरज नव्हती. त्या दिवसापासून सगळे तिला डॉरीनताई म्हणू लागले.

भाषणानंतर ठराव झाला. नव्या पंतप्रधानाचं अभिनंदन, आणि जमीन हक्काच्या वचनाचं स्वागत. सूचक, सचिव देवानंद मेश्राम. अनुमोदक, डॉरीन.

आता पाहुण्याचं नाव अनुमोदक म्हणून घालणं ही देवानंदच्या घरची, वडिलांच्या काळापासूनची रीत. पाहुण्याला पुष्पगुच्छ द्यायचा आणि दिवसाच्या मुख्य ठरावाला त्याचं नाव लावायचं. तो मान असतो. पुष्पगुच्छ घ्याल का असं जसं कुणी विचारत नाही, तसं याबद्दलही विचारत नाही. देवानंदनं ठराव मराठीत वाचला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉरीननंही वाजवल्या. सगळे वाजवत होते म्हणून वाजवल्या. तिला त्यातला एक शब्द कळला नव्हता. देवानंदनं ती संमती धरली. सोमवारी त्यानं ठरावाचं इंग्रजी भाषांतर टाइप केलं, आणि अनुमोदकाच्या नावापुढे शोभा यावी म्हणून 'आपल्या समाजाच्या वतीनं' एवढे तीन शब्द स्वतःच्या मनानं घातले. पाकीट कॅनबेराला गेलं. आभाराचं छापील उत्तर आलं, ते पुढच्या सभेत हातोहात फिरलं. डॉरीनला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षी ती डिग्री अर्धवट ठेवून मायदेशी गेली, आपल्या लोकांच्या जमिनीच्या कामाला लागली. डिसेंबरात तिथं पुन्हा निवडणूक लागली. तोवर लोकांचा उत्साह ओसरला होता. लायब्ररीतल्या त्या वर्तमानपत्रात वाचकांच्या पत्रांचं पान देवानंद पहिल्यांदा उघडायचा. तिथं पेन्शनवर जगणारे, शिक्षक, गिरणी कामगार एकाच सुरात लिहीत होते, की आम्हाला वाटलं होतं तो हा माणूस नव्हे. जिंकला, पण बहुमत घटलं. त्या प्रचारात पंतप्रधानाच्या समर्थकांच्या एका गटानं कॅनबेराला गेलेल्या त्या ठरावावरून एक पत्रक काढलं. त्यात ठळक अक्षरांत छापलं होतं, की अमेरिकेतली एक आदिवासी विदुषी आपल्या समाजाच्या वतीनं पंतप्रधानांचं अभिनंदन करते. खाली तिचं नाव. डॉरीनला ते पत्रक आपल्या गावच्या दुकानाच्या दारावर चिकटवलेलं दिसलं.

फेब्रुवारीत सरकारनं कायद्याचा आराखडा पुढे आणला. खाणीला नाही म्हणण्याचा आदिवासींचा हक्क त्यातून गळला होता. मग गावात ज्यानं त्यानं डॉरीनला विचारलं, काय गं, तू तर ह्याचं आमच्या वतीनं अभिनंदन केलं होतंस!

'आमच्यात,' तिनं त्याआधीच, जानेवारीच्या पत्रात लिहिलं होतं, 'ज्या जमिनीबद्दल बोलायला तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, तिच्याबद्दल बोलणं ही फार मोठी आगळीक धरतात. आणि तुम्ही माझ्या तोंडून ते बोललात.'

बुधवारी संध्याकाळी कामावरून आल्यावर देवानंदनं मंडळाचा छापील कागद पुढे घेतला आणि कार्यकारिणीसाठी आधी मराठीत, एका दमात लिहिलं.

'१६ एप्रिल १९८३ च्या ठरावात डॉरीन यांचं नाव त्यांना न विचारता अनुमोदक म्हणून घातलं गेलं. ठराव मराठीत वाचला गेला आणि त्यांना तो कळला नव्हता. समाजाच्या वतीनं हे शब्द सचिवानं स्वतःच्या मनानं घातले. चूक आमची आहे.'

त्याची चौदा वर्षांची मुलगी प्रतिमा खांद्यावरून वाचत होती. तिला मराठी बोललेलं कळायचं, वाचायला वेळ लागायचा. ती अक्षरावर अक्षर ठेवत शेवटापर्यंत गेली.

"डॅड, यू नेव्हर आस्क्ड हर?"

"तसं विचारायची पद्धत नाही, बेटा. तो मान असतो."

"फॉर हूम?"

देवानंद कागदाची घडी घालू लागला. स्वयंपाकघरातून सुजाता म्हणाली, "द्या उत्तर. मलाही ऐकायचंय."

"तुम्ही दोघी एक झालात की मी काय बोलणार?" तो म्हणाला. पण कागद हातात होता आणि त्यावर चार खरी वाक्यं होती. जानेवारीपासून पहिल्यांदाच तो पोटभर जेवला.

शनिवारी दुपारी तीनला अध्यक्ष भानुदास रामटेके यांच्या टाउनहाउसमध्ये कार्यकारिणी बसली. भानुदासकाका एकसष्ट वर्षांचे, पूल बांधणारे इंजिनिअर, सावकाश बोलणारे. खजिनदार मालिनीताई हॉस्पिटलात नर्स. गिरीश सगळ्यांत तरुण, मुंबईचा, चिप डिझाइन करणारा. चहा झाला, चिवडा झाला, उद्याच्या खुर्च्या किती ते ठरलं. मग देवानंदनं कागद वाचला.

"आलं तुझं ऑस्ट्रेलिया," गिरीश म्हणाला. "काय रे, तुझ्या पंतप्रधानानं तुझा शेअर पाठवला का अजून?"

"चेष्टा नको, गिरीश."

"चेष्टा नाही यार. दोन वर्षं आम्हाला सांगत होतास, नवा आहे, वेळ द्या. आता तोही फिरला आणि आपणही फसलो."

भानुदासकाकांनी हात वर केला. "बाईंना पत्र द्यायलाच हवं. त्यात वाद नाही. शब्द बघू."

मालिनीताईंनी चष्मा लावून कागद जवळ घेतला. "मेश्रामभाऊ, एक सांगू? हे 'न विचारता' जरा जपून. विहाराच्या जागेचा आपला अर्ज सिटीकडे पडलाय. शेजाऱ्यांनी आधीच दोन हरकती घेतल्यात. त्या अर्जाला आपण शंभर सह्या जोडल्यात. उद्या हा कागद कुणाच्या हाती लागला आणि म्हणाला की ही मंडळी न विचारता लोकांची नावं घालतात, तर?"

"त्या सह्या खऱ्या आहेत," देवानंद म्हणाला.

"मला माहीत आहे. मीच फिरून घेतल्यात. ड्यूटीवरून आल्यावर, पाय सुजेपर्यंत. म्हणून तर म्हणतेय."

विहार सगळ्यांनाच हवा होता. देवानंदला कदाचित सगळ्यांपेक्षा जास्त.

"'पुरेशा चर्चेशिवाय' असं म्हटलं तर?" त्यानंच सुचवलं.

"छान," मालिनीताई म्हणाल्या.

"आणि ते मराठी कळलं नव्हतं, ते काढ," गिरीश म्हणाला. "पाहुण्यांना बोलवायचं आणि तासभर न कळणाऱ्या भाषेत बसवायचं, हे आपणच कशाला छापून द्यायचं? आणि 'सचिवानं स्वतःच्या मनानं' तर मुळीच नको, 'काही गैरसमज झाले असल्यास' एवढंच म्हण. तू काय एकटा होतास? टाळ्या मी वाजवल्या नव्हत्या? तुला एकट्याला सुळावर नाही देणार आम्ही."

हे तो मनापासून म्हणत होता. देवानंदला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याच्या भरात त्यानं ती दोन्ही वाक्यं खोडली.

भानुदासकाका शेवटी बोलले. "'चूक' हा शब्द संस्थेच्या तोंडी चांगला दिसत नाही, देवानंद. 'खेद' म्हणा. खेदात सगळं येतं."

पाच वाजता नवा मजकूर तयार झाला. 'सन १९८३ च्या ठरावासंबंधी, पुरेशा चर्चेअभावी, डॉरीन यांच्या भूमिकेबद्दल काही गैरसमज निर्माण झाले असल्यास मंडळाला त्याचा खेद आहे. मंडळाला त्यांच्याविषयी नितांत आदर आहे.' एकमतानं मंजूर. नऊ वर्षांत मंडळाचा एकही ठराव मतदानाला गेला नव्हता, याचा देवानंदला अभिमान होता. कुणाला कुठला शब्द बोचतो हे ओळखून दुसरा शब्द पुढे करणं त्याला जमायचं. दोघांनी सह्या केल्या, अध्यक्षांनी आणि सचिवांनी.

घरी सुजातानं तो कागद वाचला आणि टेबलावर ठेवला.

"बुधवारी यात काहीतरी होतं," ती म्हणाली.

"सगळ्यांना धरून चालावं लागतं, सुजाता. एकदम सगळं मिळत नसतं. दार तर उघडलं."

"हे तुम्ही फेब्रुवारीत म्हणाला होतात. त्या पंतप्रधानाबद्दल. याच खुर्चीत बसून."

उद्याच्या खुर्च्यांची यादी शोधायला तो आत गेला.

रविवारी उद्यानातल्या सभागृहात निळी तोरणं लागली. वंदना झाली, बाबासाहेबांच्या प्रतिमेला फुलं वाहिली गेली, मुलांची इंग्रजी भाषणं सुरू व्हायच्या आधी भानुदासकाकांनी सचिवांना बोलावलं. डॉरीन तिसऱ्या रांगेत बसली होती. दोन वर्षांत तिचे केस कानांपाशी पांढरे झाले होते. देवानंदनं ठरल्याप्रमाणे आधी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत. वाचताना त्यानं एकदाही मान वर केली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो खाली उतरला आणि सह्या केलेली इंग्रजी प्रत तिच्या हातात दिली.

"जरा बाहेर येता?" ती म्हणाली.

सभागृहामागे भांडी धुवायची जागा होती. दोन बायका मोठ्या पातेल्यातून खीर वाट्यांत काढत होत्या. डॉरीननं कागद सरळ धरून पुन्हा वाचला. ती शिक्षिका होती. वाचताना ओळीखालून बोट फिरवायची सवय होती तिला.

"मला विचारलं नव्हतं, हे कुठल्या ओळीत आहे?"

"तसा अर्थ त्यात आहे."

"पुरेशी चर्चा झाली नाही, असं आहे. म्हणजे थोडी झाली होती." तिचं बोट पुढे सरकलं. "हा शब्द कुणाला हवा होता?"

"मालिनीताईंना. विहाराच्या जागेचा अर्ज अडेल म्हणून."

"आणि हा? 'असल्यास'?"

"गिरीशला. मला वाचवायला."

"'खेद'?"

"भानुदासकाकांना. संस्थेला शोभत नाही म्हणून."

"तुम्हाला कुठला हवा होता?"

बुधवारचा कागद त्यानं फाडला होता, पण त्यातलं प्रत्येक वाक्य त्याला पाठ होतं. एवढी कारणं त्यानं एकामागून एक सांगितली होती आणि एकही खोटं नव्हतं, एकही माणूस वाईट नव्हता. तरी तिच्या हातात काहीच उरलं नव्हतं.

"आमच्याकडे असंच झालं," डॉरीन म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "लोक समजतात, त्यानं वचन मोडलं. मोडलं असतं तर आम्ही भांडलो असतो. त्यानं सगळ्यांना बोलावून विचारलं. खाणवाल्यांना विचारलं, राज्यवाल्यांना विचारलं, प्रत्येकाचं थोडंथोडं ऐकलं. आमच्या गल्लीतला ट्रक चालवणारा म्हातारा त्याचं नाव निघालं की रागावतसुद्धा नाही. मान खाली घालतो. तो म्हणतो, आपल्यातला म्हणून मत दिलं, आता शिवी देताना आपल्याच माणसाला दिल्यासारखी वाटते."

आतून पहिल्या मुलाचं भाषण ऐकू येऊ लागलं.

"तुम्ही आत जाऊन सांगाल?" तिनं विचारलं. "माइकवर. मला विचारलं नव्हतं, एवढं एक वाक्य. मग या कागदावर खाली तेच लिहा. इथं साठ माणसं साक्षीला आहेत."

तेव्हा देवानंद आत जाऊ शकला असता. माइक वीस पावलांवर होता. दारातून त्याला भानुदासकाका पहिल्या रांगेत बसलेले दिसत होते, शेजारी मालिनीताई, मांडीवर विहाराच्या नकाशाची गुंडाळी. दुपारी त्या नकाशा उलगडून दाखवणार होत्या.

"ठराव मंजूर झालाय," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता त्याविरुद्ध बोललो तर अध्यक्षांचा अपमान होईल. मी तुम्हाला माझं वेगळं पत्र देतो. सगळं लिहून. दोन दिवसांत पाठवतो."

डॉरीननं कागदाची घडी केली आणि पिशवीत ठेवली.

"ठीक आहे. आत्ता हाच आहे, तर हाच नेते."

खीर तिनं खाल्ली. बायकांना छान झालीय म्हणाली. मग देवानंदनं तिला बर्कलीच्या गाडीसाठी स्टेशनवर सोडलं. वाटेत ती प्रतिमाबद्दल विचारत राहिली, कितवीत आहे, काय वाचते. फाटकापाशी त्यानं "जय भीम" म्हटलं. तिनंही "जय भीम" म्हटलं, दोन वर्षांपूर्वी शिकली होती तसंच, नीट.

मंगळवारी देवानंदनं पत्र लिहिलं. साध्या कागदावर, स्वतःच्या नावानं. चारही वाक्यं, आणि पाचवं हे, की मंडळाच्या पत्रातला मजकूर सौम्य करायला मीच शब्द पुरवले. खाली सही केली. एअरमेलनं टाकलं. पोस्टातली बाई म्हणाली, दहा दिवस. त्यानं मनात हिशेब केला. मेच्या अखेरीला भरपूर अवकाश होता.

पत्र वेळेवर पोचलं. तसं डॉरीननं जूनच्या मध्यावर आलेल्या उत्तरात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं.

'दोन्ही पत्रं मी मोठ्यांसमोर ठेवली,' तिनं पुढे लिहिलं होतं. 'माझ्या मामेबहिणीनं वाचून दाखवली. आत्यानं विचारलं, दोन्हींवर सही कुणाची? एकाच माणसाची, मी म्हटलं. मग यातलं खरं कुठलं? मी म्हटलं, दुसरं. ती म्हणाली, दुसरं खरं असेल तर त्यानं पहिल्यावर सही का केली? आणि पहिल्यावर अशीच केली असेल तर दुसऱ्यावर का विश्वास ठेवायचा? तुम्ही चांगले आहात असं मी सांगितलं. आत्या म्हणाली, चांगला आहे ते दिसतंच आहे. परिषदेवर दुसरीला पाठवलंय. तिची निवड योग्य आहे. तिच्यासाठी मी कागदपत्रं लिहून देते. सभांना जात नाही.'

सुजातानं पत्र वाचून परत त्याच्या हातात दिलं. तिनं काहीतरी बोलावं म्हणून तो तिथंच उभा राहिला. ती भाजी निवडायला बसली.

महिनाअखेरच्या कार्यकारिणीत देवानंदनं ते पत्र सगळं वाचलं, स्वतःच्या सहीबद्दलचा भागही. गिरीशनं या वेळी चेष्टा केली नाही. मालिनीताईंचा चेहरा उतरला. विहाराच्या अर्जाचा निकाल अजून लागला नव्हता. पुढच्या महिन्यात सुनावणी होती. तरी त्याच आधी बोलल्या.

"दुसरा ठराव करू या. स्पष्ट शब्दांत. सिटीचं काय व्हायचं ते होवो."

"करू," भानुदासकाका म्हणाले. त्यांनी चष्मा काढला होता. "'चूक' लिहा. मी सही करतो. देवानंद, घ्या लिहायला."

गिरीशनं पेन पुढे केलं. तिघंही त्याच्याकडे बघत होती आणि तिघांनाही ते मनापासून करायचं होतं. दोन महिन्यांपूर्वी हवे होते ते सगळे शब्द आता हजर होते.

देवानंदनं पेन घेतलं, पण लिहिलं नाही.

"आधी तिला विचारू," तो म्हणाला. "हवा आहे का ते."

त्याच संध्याकाळी त्यानं दोन ओळींचं पत्र टाकलं. हवापाणी लिहिलं नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पोस्टकार्ड आलं. डॉरीनच्या गोल, शिक्षिकेच्या अक्षरात एकच ओळ होती आणि खाली नाव.

पुढच्या सभेत देवानंदनं इतिवृत्तात लिहिलं:

'विषय चौथा. १९८३ च्या ठरावाबाबत दुरुस्ती. ज्यांचं नाव होतं त्यांना पत्रानं विचारण्यात आलं. त्यांनी कळवलं की त्यांचं नाव मंडळाच्या कुठल्याही कागदावर आता पुन्हा नको. ठराव मांडला गेला नाही.'

मग त्यानं सूचक आणि अनुमोदक या दोन्ही रकान्यांत आडवी रेघ मारली, आणि विषय पाचवा सुरू केला.